डोळ्यांची आखणी

पेणला आमच्या शेजारी अण्णांचा गणपतींचा कारखाना होता, तो कसा बुडाला ते ऐका. मूर्तींचे डोळे अण्णा एकटेच आखायचे. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता. ऐन चतुर्थीच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली.

रोह्याचं गिऱ्हाईक ओरडलं, "आंधळा देव नेऊ काय घरी?"

अण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, जुन्या कारागिराला म्हणाल्या, "पांडू, तू आख."

"आखतो ओ वहिनी, पन आधी अण्णांना इचारा."

इस्पितळात मीच विचारलं. अण्णांनी लुळ्या हाताचं बोट कसंबसं उचललं आणि 'नाही' म्हणून हलवलं.

पांडूने कुंचला ठेवला, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, कारखान्याला कायमचं कुलूप लागलं.

डॉक्टर मात्र खूश होते. म्हणाले, "बोट हललं, सुधारणा आहे!"