सहाव्या लॉकची झडप

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या कालवा मंडळाचे कारभारी श्री. बेसिल हक्स्टेबल, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. क्लिफर्ड ओलरनशॉ, त्यांना न्यायला श्रूझबरीहून आलेली त्यांची कन्या रोझलिंड, एक पैसाही न घेता उन्हापावसात लॉक सांभाळणाऱ्या ईनिड गार्साइडबाई, समोर बसलेल्या माझ्या बोटवाल्या बंधुभगिनींनो, आणि टेबलाखालून सँडविचच्या ताटावर नजर ठेवून असलेल्या त्यांच्या तमाम कुत्र्यांनो,

मी ग्वेंडा पिकर्सगिल. ‘मेरी एलन’ ही हिरवी बोट माझी. भाषणाची मला सवय नाही. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले, तिथे लोक बोलायचे आणि मी शिक्के मारायची. बेसिलने मला दहा मिनिटं दिली आहेत. आता गंमत बघा, क्लिफर्डशी बोलायला मला एरवीही कधी यापेक्षा जास्त वेळ मिळालेला नाही. दर वसंतात मी कालव्याची ही लॉकांची चढण, एकेक लॉक पायरीसारखं, उतरत असते आणि त्यांची ‘लॅपविंग’ चढत असते. हौदातलं पाणी सोडून माझी बोट लॉकमधून बाहेर निघणार, त्यांची आत शिरणार, दार लोटायला दोघं एकमेकांना हात देणार, आणि तेवढ्यात जे बोलून होईल ते. अकरा वर्षांची ओळख आमची. पण सगळं बोलणं एकापुढे एक मांडलं, तर एका दिवसाचं तरी भरेल का? मला शंका आहे.

आपल्या लोकांची चौकस बुद्धीही मोठी मजेची. समोरून बोट आली की पहिला प्रश्न, कुठून निघालात? दुसरा, वर पाणी किती आहे? तिसरा, कुत्र्याचं नाव काय? माणसाचं नाव विचारायची पाळी येते तोवर दोन उन्हाळे उलटलेले असतात. क्लिफर्डचं आडनाव मला चौथ्या वर्षी कळलं, तेही बेसिलच्या वहीत चोरून पाहिलं म्हणून.

पण मी ज्यांना प्रथम ओळखू लागले ते क्लिफर्ड काहीच विचारत नसत. तेव्हा नोरा होती. बोलायची ती, आणि हे मागे सुकाणू धरून उभे. कुणी ‘बरं आहे ना?’ म्हटलं तर मान हलवायची, संपलं. नोरा म्हणायची, “आमच्या ह्यांच्याकडे शब्द मोजून आलेत, तेही लग्नात खर्च झाले.”

आता त्या मे महिन्याकडे येते. इथल्या जुन्या मंडळींना तो बुधवार आठवत असेल. कुणीतरी सहाव्या लॉकमधून वर गेलं आणि वरच्या दाराची, हौदात पाणी घेणारी झडप खाली टाकायला विसरलं. खालची दारं आपली गळकी, हे का मी तुम्हाला सांगायला हवं? सहा आणि सात यांच्यामधलं पाणी पहाटेपर्यंत निघून गेलं आणि तिथे बांधलेल्या पाच बोटी चिखलावर बसल्या. लॅपविंग तर अशी कलली की क्लिफर्ड बिछान्यातून थेट चुलीपाशी. आणि नोराच्या भिंतीवरच्या बशा, लेससारख्या जाळीदार कडेच्या, रिबिनी ओवून टांगलेल्या, तिच्या आजीपासून चालत आलेल्या, एकूण एक खाली. एकसुद्धा वाचली नाही.

झडप कुणी विसरलं, ते कधी कळलं नाही. पुढच्याच वर्षी, हिवाळ्यात, नोरा गेली.

त्यानंतरच्या वसंतात आपण सगळ्यांनी एक नवल पाहिलं. जो माणूस कुणाला वेळ विचारत नव्हता, तो कालव्यावरच्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारू लागला. त्या बुधवारी तुम्ही चढणीवर होतात का? रागाने नाही हं. एखाद्याला कोडं पडावं तसं. बेसिल, तुम्हाला विचारलं तेव्हा मी लॉकच्या कडेलाच होते.

“बुधवारी कुठे होतास?”

“कोणत्या बुधवारी?”

“दोन वर्षांपूर्वीच्या. मे महिन्यातल्या.”

“अहो काका, गेल्या बुधवारी काय जेवलो ते मला बायकोला विचारावं लागतं.”

“मग तिलाच विचारतो,” असं म्हणून क्लिफर्ड बेसिलच्या घरात गेले, ते रात्रीचं जेवूनच बाहेर आले. बेसिलचं ठाम मत, की हे काम सुट्टीवाल्यांचं. भाड्याची बोट, डोक्यावर कप्तानाची टोपी, आणि झडपेचं हँडल कुठल्या बाजूला फिरवतात त्याचा पत्ता नाही. ईनिडबाईंचं मत, की झडपेचा खटकाच झिजलेला होता. ते मत ऐकायला क्लिफर्ड त्यांच्या दारी गेले, तर बाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. मग काय, लॅपविंग तिथेच बांधली आणि तीन आठवडे पाण्याचे कॅन वाहिले. म्हणजे बघा, चौकशी झडपेची, आणि त्यात या कालव्यावरचं एक घर यांनी सोडलं नाही. आज हा हॉल भरलाय तो कशामुळे, असं तुम्हाला वाटतं?

आता त्यांची नजर मंदावली. गेल्या शरदात पुलाची कमान त्यांना दिसली नाही. लॅपविंग विकली गेली, शुक्रवारी ते मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार. मघाशी चहा घेताना मला म्हणाले, “ग्वेंडा, सगळ्यांना विचारून झालं. आता हे काही कळायचं नाही.” आणि हसले. ते हसू मला सहन झालं नाही, म्हणून भाषणाचा कागद मी पर्समध्ये ठेवून दिलाय.

क्लिफर्ड, झडप मी विसरले.

बोट घेऊन मला दुसराच आठवडा होता. सहावं लॉक एकटीने चढले, मेरी एलन बाहेर काढून बांधली आणि दार लावून झडप टाकायला परत निघाले. लॉकच्या बाकावर नोरा बसली होती, पायाशी बाजाराची पिशवी. तिने विचारलं, “कुठून निघालीस गं?” दोन आठवड्यांत मला कुणी थांबून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी तिच्याशेजारी बसले. अर्धा तास बसले असेन. उठले ती दार लावून थेट बोटीवर गेले, आणि सातवं लॉक चढून निघून गेले. झडप डोक्यातून साफ गेली होती.

बशांचं कळलं तेव्हा मी परत आले. तुम्ही दोर ताणत होतात. नोरा तुकडे भरत होती. मी रडायला लागले तर ती म्हणाली, “गप. मी तुला बोलण्यात गुंतवलं, तू गुंतलीस. झडप एकीची नाही, दोघींची. आणि ह्यांना इतक्यात काही सांगू नकोस. माझं मी सांगेन.” ते तिच्याकडून कधी सांगून झालं नाही. पुढे तुम्ही मला विचारलंत, आणि मी ‘मी तर तेव्हा सातव्याच्या वर होते’ असं नरो वा कुंजरो वा केलं. पहिल्या वर्षी भीतीने. नंतरच्या वर्षांत मात्र तुम्हाला या बोटीवरून त्या बोटीवर जाताना पाहायची, आणि वाटायचं, हा प्रश्न संपला तर हा माणूस उद्या कुणाच्या दारी कशाला जाईल? हे खरं, की ती माझी सोयही होती. मला लाज वाटते.

रोझलिंड, तू रागावलीस तर तो तुझा हक्क आहे.

काय म्हणालात, क्लिफर्ड?

अध्यक्षमहाशय, मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. ते विचारताहेत, झडप डावी की उजवी. डावी, क्लिफर्ड. बाकाच्या बाजूची.

आणि?

ते विचारताहेत, तो अर्धा तास नोरा काय बोलत होती.

हे सांगावं की नाही, मला कळत नाही. पण तुम्ही विचारलंय, आणि एकदा खोटं बोलून झालंय माझं. ती त्या दिवशी बाजारात गेली नव्हती, क्लिफर्ड. डॉक्टरांकडून आली होती. तिला तेव्हाच कळलं होतं, आणि तुम्हाला सांगायच्या आधी बोटीकडे पाय वळेना, म्हणून बाकावर बसली होती. आजाराबद्दल ती दोन वाक्यं बोलली असेल. बाकीचा सगळा वेळ तुमच्याबद्दल. “मी गेले की हा माणूस जगात कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. सुकाणू धरून उभा राहील आणि तसाच वाळून जाईल.” हेच पुन्हा पुन्हा. माझा हात तिने घट्ट धरला होता. म्हणून मला झडपेसाठी उठता आलं नाही.

मंडळी, आपण सगळे आलात, ईनिडबाईंनी लोणची आणली, बेसिलने हॉल मिळवला, त्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. माझी मोठी चूक मी सांगितली, तिला क्षमा करायची की नाही ते क्लिफर्ड ठरवतील. चूक नोराचीही झाली. ह्यांच्याबद्दल तिचा अंदाज साफ चुकला, आणि ती चूक दाखवायला आज नोरा इथे नाही, एवढंच माझ्या मनाला लागतं.

आता मला खाली जाऊ द्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढलीय, आणि त्यांना अजून बरंच विचारायचं आहे.