उलट्या जीपमधली पाठवणी

माझ्या लग्नातल्या पाठवणीची फजिती सांगतो, ऐका. नामांतराच्या गडबडीत एसटी बंद होती, म्हणून थोरल्या भावानं लष्कराच्या लिलावात घेतलेली आपली जुनी जीप माझ्या सासुरवाडीला, वालूरला आणली. नवरी माझ्या शेजारी बसली, बायका रडायला लागल्या आणि पुढचा एकही गिअर पडेना. भावानं क्लच दाबून पाहिला, दांडा हाणून पाहिला. पडला तो फक्त रिव्हर्स, अन् जीप मागं थेट मांडवात शिरली.

सासरे घाबरले. "जावईबापू, पोरगी वापस आणून सोडायलाव का?"

सगळा मांडव हसला. मला मान वर करवेना.

शेवटी लोकांनी ढकलून जीपचं तोंड मांडवाकडं केलं अन् भाऊ सेलूच्या मेस्त्रीकडं ती उलटीच चालवत निघाला.

मी शरमेनं नवरीजवळ पुटपुटलो, "लय हसं झालं तुमचं."

ती पहिल्यांदाच बोलली, "असू द्या. अशानं माय लय येळ दिसायलीय."