चार वाजताचा टीव्ही

दातांच्या दवाखान्यात नंबर लिहिणाऱ्या बाईंचं पेन थांबलं. गाल सुजला होता तरी बाकावरच्या काकांचा आवाज खणखणीत होता. शेजारी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून बसली होती.

“रोज चार वाजता फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवतो. फोन म्हणतो, सुरू झाला. टीव्ही मात्र ढिम्म!”

“वायफाय आमचंच वापरता ना, काका?”

“तूच तर दिलंस.”

“तुमच्या टीव्हीला जोडलंत ते?”

“त्यालाही जोडावं लागतं?”

“अगंबाई! म्हणजे चार वाजता आमच्या टीव्हीवर तो नाच शिकवणारा माणूस येतो, तो तुम्ही पाठवता?”

“हळू बोल! या महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं होतील. हिला नाचायची भारी हौस, आणि मी जन्मभर बसून राहिलो. म्हटलं, ही तुझ्या सासूबाईंचे गुडघे चोळायला वर गेली की गुपचूप शिकून घ्यावं.”

“कसले गुडघे, काका! दोघी मिळून नाचतात. सहा धडे झाले.”

“म्हणजे तिला सगळं येतं, आणि मला एक पाऊलही नाही?”

“आता सातवा चालू आहे, त्याला जोडीदार लागतो. सासूबाई दमल्या की काकू खुर्ची धरून नाचतात.”

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“काका, तुमचा नंबर,” बाई म्हणाल्या.

काका ताडकन उठले.

“डॉक्टरांना सांगा, हवा तो दात काढा, पण चारच्या आत मला सोडा. आमच्या घरची माणसं खुर्च्यांबरोबर नाचत नाहीत!”