रॉबर्टची खोली

म्हापशाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या. एकीचं मांद्र्याला गेस्टहाऊस होतं.

"संजना, गिऱ्हाईक समोर उभं, स्क्रीन त्याच्याकडे फिरवलेली, आणि बुकिंगचा तक्ता येईना गो!"

"काय दाबलंस, वैनी?"

"कंट्रोल आणि टॅब."

"त्यानं इंटरनेटचीच दुसरी पानं येतात. दुसऱ्या खिडकीत जायला ऑल्ट आणि टॅब!"

"पानच आलं. त्यात मी आमच्याच गेस्टहाऊसची तारीफ लिहीत होते. खाली नाव, रॉबर्ट, लंडन."

"देवा रे! त्यानं वाचलं?"

"सगळं. म्हणाला, रॉबर्टला खिडकीतून समुद्र दिसला, मला तुमची गाय दिसते."

"मगे? गेला?"

"जातो कुठला! रॉबर्टचीच खोली हवी म्हणून बसला. समुद्र फक्त आमच्या खोलीतून दिसतो. आता आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात झोपतो."