कानामागचे दोन दिवस

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आदरणीय सत्यभामाबाई, मेहकरहून दवाखाना सोडून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर जीवन साहेब, नऊ वर्षे या केंद्रात मुलींना शिकवून आता अकोल्याला मुलाकडे राहायला निघालेल्या नजमुन्निसा मॅडम, केंद्रातल्या सर्व शिक्षिका, प्रशिक्षणार्थी मुली, त्यांचे आईवडील आणि या दुपारच्या उकाड्यात शांत बसलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी गणेश. जानेफळला बसस्टँडजवळ माझे केशकर्तनालय आहे. आजोबांनी हा धंदा झाडाखाली केला, वडिलांनी टपरीत केला, मी पक्क्या दुकानात करतो. माझी मुलगी अर्पिता या केंद्रात वर्षभर सौंदर्यशास्त्र शिकली. पालकांतर्फे दोन शब्द बोला, असे सत्यभामाबाईंनी सांगितले म्हणून उभा राहिलो. निरोपाच्या कार्यक्रमात माणसे फार गोड बोलतात आणि मला गोड बोलण्याची पहिल्यापासून शंका येते. म्हणून मी जे झाले तेच सांगतो.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी मी माझ्या मुलीची बॅग उघडून पाहिली. ती न्हाणीत होती. देवपूजा अर्धी ठेवून मी उठलो होतो. फुले हातातच होती, ती खिडकीत ठेवली आणि चेन उघडली. असे का केले? कारण वर्गाविषयी माझ्या मनात संशय होता. पोरगी सकाळच्या एसटीने इथे चिखलीला येते, संध्याकाळी परतते, आणि घरी आल्यावर कातडीचे थर पाठ करते. कैची, कंगवा कशात किती वेळ बुडवून ठेवायचा ते लिहून काढते. भुवया कोरायला आणि नवरी सजवायला कातडीचे थर कशाला लागतात? तीस वर्षे मी लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो. मला एकही थर माहीत नव्हता.

खरे सांगायचे तर अर्पिताला बारावीला गुण कमी पडले म्हणून तिला इथे घातले. ज्याला दुसरे काही जमत नाही त्याच्यासाठी हा वर्ग, अशी आमची समजूत. माझ्या मेव्हण्याने सांगितले होते, "भाऊजी, मोबाइलवर सात दिवसांत शिकवतात, तुमी वर्ष काऊन घालवता?" तिच्या आईला वाटत होते, पोरगी गोरे व्हायची क्रीम घेऊन येईल. दुसऱ्या महिन्यात आईने विचारलेही. अर्पिता म्हणाली, "आई, गोरं करा म्हणणाऱ्या बाईले मॅडम चहा पाजतात अन् वापस पाठवतात." मला वाटले, हेही काहीतरी गिऱ्हाइकी वाढवायचे तंत्र असणार.

तर त्या बॅगेत हात घातला आणि पहिले काय लागले? केस. लांब, मऊ केस. ओढून पाहिले तर प्लॅस्टिकचे मुंडके बाहेर आले. मी मनात देवाचे नाव घेतले आणि ते परत आत ठेवले. हसू नका, तुमच्यापैकी किती बापांनी ते मुंडके पहिल्यांदा पाहून देवाचे नाव घेतले ते मला माहीत आहे.

त्याच्याखाली वही होती. वहीत गावातल्या वीस माणसांची नावे. नावापुढे कान, कोपर, तारीख. बारावे नाव मोतीराम आबांचे. आबा म्हणजे गावातले जुने भाजीचे बागायतदार, माझ्या वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. त्यांच्यापुढे लिहिले होते, "उजव्या कानामागे काळा डाय, एक थेंब. दुसरा दिवस : लाल, खाज, बारीक फोड. डोक्याला लावू नये."

अर्पिता केस पुसत आली तेव्हा वही माझ्या हातात होती.

"हे काय हाये?"

"बाबा, माही बॅग काऊन उघडली?"

"मी इचारलं त्याचं सांग. गावातल्या माणसायच्या कानामागं बोटं लावत फिरून राह्यली का तू?"

"चाचणी हाये ते. कोणतंही रसायन लावायच्या आधी थेंबभर लावायचं अन् दोन दिवस वाट पाहायची. वीस माणसायची करून आणा म्हणे मॅडम."

"तुया आजानं डाय लावला, मी लावून राह्यलो. आमी कोणाच्या कानामागं पाह्यलं नाही."

"म्हूनच त वर्ग हाये बाबा." मग ती जरा नरम झाली. "आबाले आजच सांगा लागते. ते डाय आपल्याच दुकानात लावतात. ज्याची चाचणी बिघडली त्याले आपण सोता जाऊन सांगायचं, असा मॅडमचा नियम हाये."

आता माझ्या मनात काय आले ते ऐका. मला वाटले, पोरगी बापाचे गिऱ्हाईक तोडायला निघाली. उद्या गाव म्हणेल, गणेशच्या डायने फोड येतात.

"तू नको जाऊ," मी म्हणालो. "मी सांगतो आबाले."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

शुक्रवारी सकाळी आबा दुकानात आले. रविवारी त्यांच्या नातवाचे, ऋत्विकचे लग्न होते. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "गण्या, जवान कर बे मले. व्याहीण नवरदेव सोडून माह्याकडं पाह्यली पाह्यजे."

मी म्हणालो, "आबा, व्याह्यानं पाह्यलं त लगन मोडन."

आबा हसले. मी डाय कालवत होतो. मंडळी, तेवढा वेळ पुरेसा होता. डाय कालवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक वाक्य सहज बोलून होते. ते ओठापर्यंत आलेही. मग वाटले, अठरा वर्षे लावतो आहे, कधी काही झाले नाही. कालच्या पोरीच्या वहीवरून मी माझ्या हातावर शंका घ्यायची? सगळ्या जगावर शंका घेणारा माणूस मी, तेवढी एक शंका घेतली नाही. मी डाय लावला.

संध्याकाळी आबांचे कपाळ सुजले. शनिवारी सकाळी डोळे मिटले ते उघडेनात, श्वास घशात अडकू लागला. जीपमध्ये घालून मेहकरला नेले. मीही बरोबर गेलो.

डॉक्टर साहेब, तुम्ही मला ओळखले नसेल. तुम्ही विचारले, "यांना काय लावलं होतं?" तेव्हा आबांच्या सूनबाई, सरस्वतीबाई, रडत म्हणाल्या, "आमच्या गावची एक पोट्टी हाये, पार्लरचं शिकते. तिनं कानामागं काहीबाही लावलं होतं." तुम्ही विचारले, कधी? त्या म्हणाल्या, झाले पाच-सहा दिवस. तुम्ही विचारले, "आणि काल?" मी दाराजवळ उभा होतो आणि माझ्या नखांत काळे होते. मी हात पाठीमागे घेतले. तुम्ही आबांच्या केसांवरून बोट फिरवले आणि स्वतःच ओळखले. जे मी सांगायचे ते तुम्हाला शोधावे लागले. त्या वेळी आबांचा श्वास चालू होता, बंद पडला असता तरी मी बोललो असतो का, याची मला खात्री देता येत नाही. आज या मंचासमोर मी तुमची माफी मागतो.

आबा वाचले. नातवाचे लग्न त्यांनी पाहिले नाही, दवाखान्याच्या खाटेवर होते.

पण गावाने काय धरले? डाय आहे असे डॉक्टर सांगतात ते ठीक, पण डाय तर अठरा वर्षांपासूनचा. मग नवीन काय? पोरीचा थेंब. तिथूनच विष अंगात चढले. पाण्याच्या टाकीवर बाया बोलल्या, ओट्यावर माणसे बोलली. माझ्या खुर्चीत बसून, तोंडाला साबण लावलेला असताना एक जण म्हणाला, "गणेशभाऊ, त्या चिखलीच्या वर्गात काय काय शिकवतात बे पोट्ट्याहिले? मले त ते बाई बराबर नाही वाटत." मी काय केले? वस्तऱ्यात नवीन पाते घातले. तसे नाही, असे म्हणालो नाही.

चैत्रातल्या दोन लग्नांत नवरी सजवायचे काम अर्पिताला सांगितले होते. दोन्ही घरांतून नको म्हणून निरोप आला. ती कोणाला काही बोलली नाही. मला फक्त एकदा, भाकरी वाढताना म्हणाली, "बाबा, तुमी आबाले सांगणार होते ना?"

मी म्हणालो, "इसरलो."

मंडळी, मी विसरलो नव्हतो.

मग मी ठरवले, तिचे नावच इथून काढायचे. मला वाटले नाव काढले की बोलणे थांबेल. अर्ज लिहिला, खिशात घातला आणि या केंद्रात आलो. मनात अशी आशा होती की मॅडमच्या शिकवण्यात काहीतरी खोट सापडेल. सापडली तर मी सुटलो.

मॅडमनी पाणी दिले. मी पाणी न घेताच म्हणालो, "तुमच्या त्या थेंबापायी आमच्या गावचं माणूस मरता मरता वाचलं."

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पाणी घ्या आधी." मग म्हणाल्या, "इथं येणाऱ्या हर एक बापाला वाटतं, मी पोरींना चेहऱ्याला लावायला शिकवते. लावायला काय, कोणीही लावतं. मी वर्षातले कितीतरी दिवस कुठं नाही लावायचं तेच शिकवते. त्याच्यात पोरींचं मन लागत नाही आणि बापांना पटत नाही."

मग त्यांनी कपाटातून अर्पिताची वही काढली. ती तपासायला त्यांच्याकडे होती. बारावे नाव काढले आणि वही माझ्याकडे फिरवली. मी फेब्रुवारीत वाचलेल्या मजकुराखाली एक नवीन ओळ होती. या केंद्रात चाचणी बिघडली की कोणाला सांगितले ते लिहावे लागते. अर्पिताने लिहिले होते, "बाबांना सांगितले. ते आबांना सांगणार आहेत."

"वाचलं भाऊ?"

"वाचलं."

"मग आबांना सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "माझ्या गाडीची वेळ झाली." आणि उठलो. अर्ज खिशातच राहिला. तुमच्याविषयी मी मनात किती वाईट धरून आलो होतो ते तुम्हाला त्या दिवशी कळले असणार, मॅडम. पण तुम्ही पुन्हा विचारले नाही, गावात निरोप धाडला नाही, आणि अर्पितालाही काही म्हणाला नाहीत. उलट परीक्षेच्या आधी महिनाभर तिला जास्तीचा वेळ बसवून घेतले.

जूनमध्ये ती पास झाली. आमच्या घराच्या समोरच्या खोलीत तिने खुर्ची मांडली आहे, आरसा लावला आहे. दीड महिन्यात तीन बाया आल्या, त्यातली एक तिची मावशी. रोज सकाळी ती खोली झाडते, सामान धुते, वाळवते, आणि बसून राहते. मी दुकानाला जाताना ते बघतो. संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसतो तर आजूबाजूला तीच माणसे, जी तिच्याविषयी बोलतात. मी टाळ वाजवतो. त्यांच्यातले कोणी वाईट नाही. त्यांना खरे कोणी सांगितलेच नाही, आणि सांगू शकणारा माणूस त्यांच्याच रांगेत बसून टाळ वाजवतो आहे.

इथे बसलेल्या बापांना मला एवढेच विचारायचे आहे. आपण या शिक्षणाविषयी एवढी शंका घेतो ती कशापायी? पोरगी बिघडेल म्हणून, की तिला आपल्यापेक्षा जास्त कळेल म्हणून? माझे उत्तर मला सापडले आहे. तुमचे तुम्ही बघा.

मॅडम, तुमच्याविषयी मी जास्त बोलत नाही. नऊ वर्षांत तुमच्या हाताखालून किती मुली गेल्या ते अध्यक्षबाई सांगतील. मला एकीचे माहीत आहे आणि ते मला पुरे आहे. अकोल्यात तुम्हाला सुखाचे आयुष्य लाभो अशी मी देवाजवळ प्रार्थना करतो. तुम्हीही तुमच्या दुव्यात अर्पिताचे नाव घ्या. अध्यक्षबाईंनी मला बोलायला उभे केले, तुम्ही सर्वांनी एका न्हाव्याचे लांबलेले बोलणे ऐकून घेतले, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. मला भाषणाची सवय नाही. मानपान सांगण्यात कोणाचे नाव राहिले असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

बसण्याआधी एक सांगायचे राहिले. चिखलीत माइकसमोर कबूल करणे सोपे आहे, इथे मला कोण ओळखते? म्हणून काल सकाळी दुकान न उघडता मी आधी मोतीराम आबांच्या घरी गेलो. ओट्यावर आबा होते, ऋत्विक होता, शेजारची पाच-सहा माणसे चहा पीत होती. सरस्वतीबाई कपबशा गोळा करत होत्या. मी चपला काढल्या आणि उभ्यानेच बोललो.

"वहिनी, पोरीच्या थेंबानं काही झालं नाही. आबाले डाय चालत नाही हे त्या थेंबानंच तिले समजलं होतं. तिनं मले सांगितलं, मी वहीत वाचलं, आबाले सांगतो म्हून कबूल केलं, अन् न सांगता डाय लावला. दवाखान्यात तुमी तिचं नाव घेतलं तवा मी दारातच उभा होतो."

आबांनी कप खाली ठेवला. मी अजून थोडा वेळ थांबलो, सगळ्यांनी नीट ऐकले आहे ना ते पाहिले, आणि मग दुकान उघडायला गेलो.