कुंपणावरचा साप आणि बुधवारचा पाऊस

नाव : लेम्युएल हार्गिस. वय : ४९. धंदा : मका व गाईगुरे. राहणार : सल्फर फोर्क, राज्य टेनेसी. तारीख : १७ जुलै, गुरुवार, सकाळी साडेनऊ.

मी शेरीफच्या कचेरीत स्वतःहून हजर होऊन सांगतो की, तक्रारदार व्हर्लन टॅकेट हा माझा सख्खा मेहुणा. त्याचे रान माझ्या रानाला लागून आहे. आभाळात काही सोडून हवामान बदलण्यास बंदी घालणारा कायदा राज्याने करावा म्हणून तो एक सबंध हिवाळा सह्या गोळा करत फिरला होता. पुढे तो कायदा झाला. विमानांमागच्या पांढऱ्या रेघांवर त्याचा राग. पहिली सही माझी होती.

यंदा पाच आठवडे पाऊस नव्हता. माझा मका तुऱ्यावर येऊन करपत होता. सोमवारी सकाळी व्हर्लनने गवत कापून वाळत घातले. त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास माझ्या ट्रॅक्टरखाली एक काळा साप सापडून मेला. तो मी पोट वर करून कुंपणाच्या तारेवर टांगला. त्याने पाऊस येतो असे आमच्याकडे मानतात. माझे वडीलही टांगत. तारेपलीकडे व्हर्लनचे गवत पसरलेले मला दिसत होते. तरी टांगला.

बुधवारी दोन वाजता पाऊस आला. गवत भिजले. व्हर्लनने आज सकाळी तक्रार दिली.

जबाब लिहून घेणारी शेरीफची डेप्युटी कोरिन प्रुइट हिला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवले आहे. ती म्हणाली, "काका, कायद्यात आभाळात सोडलेला पदार्थ म्हटलंय. साप तर तारेवर होता."

"पोट कुणीकडे होतं ते विचार की!" व्हर्लन बाकावरून म्हणाला. "आभाळाकडेच ना?"

"वाळायला टांगला होता असं लिहू का, काका? तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

मी नको म्हटले. पाऊस यावा म्हणूनच टांगला होता. मात्र हेही लिहून घ्यावे की, मी आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे सेवक, असून रविवारी तिथे सर्वांपुढे पावसासाठी प्रार्थना केली. तेव्हा सर्वांत मोठ्याने आमेन म्हणणारा व्हर्लन होता. पाऊस कशाने आला हे ठरवण्याची माझी योग्यता नाही.

"मग आरोपी दोन लिहू?" कोरिनने विचारले. "की वरचा धरून तीन?"

"आमेन सवयीनं निघालं, दाजी," व्हर्लन म्हणाला. "गवत कापायचं तोवर ठरलं नव्हतं."

आज दुपारपर्यंत गवत परतले नाही तर ते खालून कुजेल आणि त्याच्या बावीस गाईंना हिवाळ्यात चारा उरणार नाही. त्याचे गवत परतायचे यंत्र मोडले आहे. माझे चालू आहे, पण तो मागणार नाही. म्हणून मी मोटार न आणता ट्रॅक्टरला यंत्र जोडून आलो. सहा मैलांना पाऊण तास लागला.

हे ऐकून व्हर्लन खिडकीपाशी गेला.

"रस्त्यात मागच्या गाड्यांनी भोंगे किती वाजवले?"

"खूप."

"दाते वाकलेले होते त्या यंत्राचे."

"तुझ्या बहिणीनं आज सकाळी सरळ केले. शिव्या तुला घातल्या."

वरील मजकूर कोरिनने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. किल्ली मी त्यातच ठेवली होती. तक्रारदाराची सही घ्यायची राहिली आहे. ट्रॅक्टर नेल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सही : ले. हार्गिस