आहेराचा डबा

अरे, तुम्ही रॉकेटचं काय सांगता! लखनऊला आमच्या युनिव्हर्सिटीच्या अंतराळ क्लबानं फुगा सोडला होता. त्याला बांधलेल्या स्टीलच्या डब्यात थर्मामीटर, बॅटरी आणि वायरी. वारा फिरला आणि फुगा थेट छावणीत उतरला.

"यार, अब तो गए," माझा दोस्त इम्रान म्हणाला. माझे बाबा तिथंच सुभेदार!

संध्याकाळी बाबा डबा घेऊनच घरी आले.

"लग्नातल्या आहेराचा डबा, बुडाला माझं नाव कोरलेलं. ते दिसलं म्हणून मला बोलावलं, नाहीतर बॉम्ब समजून उडवलाच असता." आणि चक्क हसले! माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली.

"तरी म्हटलं डबा गेला कुठं! आणि झाकण रे?"